पंचकर्म-साहाय्यक व औषधनिर्माण-कारागीर यांचे प्रशिक्षण : अभ्यासक्रमरचनेची पद्धती कशी निवडावी?

प्रास्ताविक

आयुर्वेदीय चिकित्सेचे यश केवळ वैद्याच्या निदानकौशल्यावर अवलंबून नसते. वैद्याने योजलेला निरूह बस्ती रुग्णापर्यंत पोहोचतो तो साहाय्यकाच्या हातून. ग्रंथोक्त पाठानुसार आखलेले तैल सिद्ध होते ते फार्मसीतील कढईपाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या नजरेखाली. पानार्थ योजलेल्या स्नेहाचा पाक खर झाला, अथवा बस्तीद्रव्य हवे त्यापेक्षा उष्ण राहिले, तर त्या चुकीचे फळ रुग्णाला भोगावे लागते आणि दोष शास्त्राच्या माथी येतो.

असे असूनही या दोन्ही वर्गांच्या शिक्षणाचा विचार आपल्या व्यवसायात क्वचितच पद्धतशीरपणे केला जातो. बहुतेक ठिकाणी नवा माणूस जुन्या माणसाच्या शेजारी उभा केला जातो आणि 'बघून शीक' एवढाच त्याचा अभ्यासक्रम असतो. जेथे वर्ग भरविले जातात तेथे बी.ए.एम.एस.च्या टिपणांचा संक्षेप करून तोच शिकविला जातो. पहिल्या प्रकारात हात तयार होतो, पण कारण कळत नाही. दुसऱ्या प्रकारात व्याख्या पाठ होतात, पण हात तयार होत नाही. शिवाय तीस वर्षे कढई सांभाळलेला कारागीर निवृत्त झाला की त्याच्या डोळ्यांतील व बोटांतील ज्ञान त्याच्याबरोबर घरी जाते. हे नुकसान कोणत्याही हिशेबवहीत दिसत नाही. ते पुढच्या काही बॅचमध्ये दिसते.

हस्तकौशल्याच्या प्रशिक्षणासाठी अभ्यासक्रम रचण्याच्या अनेक पद्धती शिक्षणशास्त्रात रूढ आहेत. त्यांपैकी कोणती कोठे लागू पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. प्रतिपाद्य थोडक्यात असे : एकच पद्धती सर्व कामांना लावू नये; कामाचे स्वरूप पाहून पद्धती निवडावी.

शास्त्रातील आधार

हा विचार आपल्या परंपरेला नवीन नाही. चरकसंहितेने चिकित्सेच्या चतुष्पादांत परिचारकाला स्वतंत्र स्थान दिले असून उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच असे त्याचे चार गुण सांगितले आहेत. यांतील उपचारज्ञता हे कर्माचे ज्ञान होय, दाक्ष्य हे कौशल्य होय, आणि अनुराग व शौच ही वृत्ती व आचरण होत. १९५६ साली बेंजामिन ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे बोधात्मक, भावात्मक व क्रियात्मक असे तीन प्रांत मानले. त्या विभागणीशी वरील गुणांचे साम्य सहज लक्षात येते. परिचारकाच्या प्रशिक्षणात आपण बहुधा पहिल्याच गुणाची परीक्षा घेतो व उरलेले तीन दैवावर सोडतो.

सुश्रुतसंहितेतील योग्यासूत्रीय अध्याय (सूत्रस्थान, अध्याय ९) तर क्रियात्मक अभ्यासक्रमाचा उत्तम नमुना आहे. छेद्यकर्मासाठी कोहळा, दुध्या, कलिंगड, काकडी यांसारखी फळे; भेद्यासाठी पाणी वा चिखल भरलेल्या चामड्याच्या पिशव्या; वेध्यासाठी मृत पशूंच्या सिरा व कमळाचे देठ; बंधनासाठी वस्त्रादिकांची मनुष्याकृती; आणि बस्तिनेत्र घालण्याच्या सरावासाठी पाण्याने भरलेल्या घटाच्या बाजूचे छिद्र व भोपळ्याचे मुख, अशी प्रत्येक कर्माला साजेशी प्रतिकृती तेथे सुचविली आहे. प्रथम कर्मांचे पृथक्करण, मग प्रत्येक कर्मासाठी वेगळे अभ्यासद्रव्य, आणि रुग्णावर कर्म करण्यापूर्वी सराव, ही तीन तत्त्वे त्यातून निघतात. केवळ शास्त्र जाणणारा आणि केवळ कर्म जाणणारा या दोघांनाही सुश्रुताने एका पंखाच्या पक्ष्याची उपमा दिली आहे, हेही येथे स्मरावे.

रचनेच्या चार पद्धती

(१) विषयानुसारी पद्धती. यात प्रथम विषयांची यादी होते : द्रव्यपरिचय, मानपरिभाषा, कल्पना, यंत्रे, आणि मग प्रत्येक विषयाला तास दिले जातात. पदवीशिक्षणाची रचना दीर्घकाळ अशीच होती. ही पद्धती रचायला सोपी असून लेखी परीक्षेला सोयीची आहे. परंतु कामगाराच्या दिवसाची विभागणी विषयांनुसार नसते. कढईपाशी त्याला द्रव्य, मान, अग्नी व काल यांचा एकाच क्षणी विचार करावा लागतो. राल्फ टायलर यांनी १९४९ साली अभ्यासक्रमकर्त्यापुढे चार प्रश्न ठेवले : हेतू कोणता, त्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे, त्यांची मांडणी कशी करावयाची, आणि हेतू साधला हे कसे ओळखावयाचे. विषयांच्या यादीपासून आरंभ करणारा बहुधा यांतील पहिला व चौथा प्रश्न विचारायचाच विसरतो.

(२) कार्यविश्लेषण पद्धती. यात विषयाऐवजी प्रत्यक्ष कामापासून आरंभ होतो. मॉस्को येथील तंत्रविद्यालयात व्हिक्टर डेला-व्हॉस यांनी १८६८ च्या सुमारास हस्तव्यवसायांचे सोप्याकडून कठिणाकडे जाणाऱ्या क्रमबद्ध पाठांत विभाजन केले आणि १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनात ती पद्धती जगापुढे आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखान्यांत नवख्या कामगारांना लवकर तयार करण्यासाठी शिकाऊ माणसाची पूर्वतयारी, कृतीचे सादरीकरण, त्याच्याकडून करवून घेणे व पुढील देखरेख अशी चार पायऱ्यांची रीत प्रचारात आली. त्यासोबतच्या तक्त्यात डावीकडे कामाच्या पायऱ्या व उजवीकडे प्रत्येक पायरीतील मर्म लिहिले जाई. ज्यावर काम साधणे वा बिघडणे अवलंबून असते, ज्यात इजेचा संभव असतो, अथवा ज्या युक्तीने काम सुकर होते, ते मर्म. १९६० च्या दशकात कॅनडात विकसित झालेली 'डाकम' पद्धती याच घराण्यातील आहे. तीत कुशल कामगारांचा लहान गट एकत्र बसवून त्यांच्याच तोंडून कर्तव्ये व कामे यांचा तक्ता तयार करतात.

या पद्धतीचे सामर्थ्य असे की निरुपयोगी मजकूर आपोआप गळतो. तिची उणीव अशी की तरबेज माणसाला जे सवयीने घडते ते तो सांगायलाच विसरतो. 'तेल झाले की कळते' असे कारागीर म्हणतो. कशावरून कळते, हे त्याच्याकडून काढून घ्यावे लागते.

(३) फलापासून मागे जाणारी पद्धती. ग्रँट विगिन्स व जे मॅकटाय यांनी १९९८ साली मांडलेल्या या रचनेत प्रथम इष्ट फल ठरवावयाचे, नंतर ते साधल्याचा पुरावा कोणता मानावयाचा हे ठरवावयाचे, आणि शेवटी पाठांची आखणी करावयाची. परीक्षा आधी व पाठ नंतर, हा क्रम प्रथम विचित्र वाटतो. पण हस्तकौशल्यात तोच उपयुक्त ठरतो, कारण 'स्नेहपाक समजावून घेणे' या उद्दिष्टाची परीक्षा कशी घ्यावयाची हे सांगता येत नाही. 'मृदु, मध्यम व खर पाकांचे नमुने ओळखून वेगळे करणे' याची सांगता येते.

(४) उमेदवारी. जुन्या माणसाच्या हाताखाली राहून, आधी किरकोळ व मग जबाबदारीची कामे करीत शिकणे ही आपल्या वैद्यपरंपरेतील व कारागिरांतील जुनी रीत आहे. शब्दांत न मावणारे ज्ञान केवळ हीच पद्धती पोहोचविते. मात्र तिला वेळ फार लागतो, शिकविणाऱ्याच्या चुकाही वारशाने येतात, आणि हंगामात जे काम निघाले तेवढेच शिकाऊ माणसाला दिसते.

निवडीचे तीन निकष

कोणतेही काम शिकविण्यापूर्वी त्याविषयी तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : या कामाचा क्रम ठरलेला आहे काय? असल्यास कार्यविश्लेषण पद्धती घ्यावी.

दुसरा : काम पूर्ण झाले की नाही हे इंद्रियांनी ओळखावे लागते काय? तसे असल्यास केवळ पायऱ्यांचा तक्ता अपुरा पडतो. तेथे भिन्नभिन्न अवस्थांच्या नमुन्यांची तुलना व उमेदवारी यांची जोड हवी.

तिसरा : चूक झाल्यास ती सुधारता येते काय? चूर्ण जाड राहिल्यास पुन्हा कुटून चाळता येते. रुग्णाच्या त्वचेला बसलेला चटका परत घेता येत नाही. जेथे चूक अपरिवर्तनीय आहे तेथे आधी पुरावा व मग परवानगी, म्हणजेच फलापासून मागे जाणारी पद्धती अनिवार्य समजावी.

बहुतेक कामांत या तिन्हींचे मिश्रण असते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

उदाहरण पहिले : निरूह बस्तीद्रव्याची सिद्धता

येथे क्रम निश्चित आहे : मध, सैंधव, स्नेह, कल्क व क्वाथ. म्हणून तक्ता करणे सोपे जाते. डाव्या रकान्यात ही पाच पायऱ्या येतील. उजव्या रकान्यात मर्म येईल : मध व सैंधव एकजीव होईपर्यंत घोटणे, स्नेह एकदम न ओतता धारेने घालत राहणे, पुढचे द्रव्य घालण्यापूर्वी मागचे मिसळल्याची खात्री करणे, क्वाथ उकळता न घालणे, सिद्ध मिश्रण प्रत्यक्ष आचेवर न ठेवता गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करणे, स्नेहाचा थर वर वेगळा दिसत नाही हे पाहणे.

शिकविताना एकदा न बोलता संपूर्ण कृती करून दाखवावी, दुसऱ्यांदा प्रत्येक पायरी व तिचे मर्म सांगत करावी, तिसऱ्यांदा शिकाऊ माणसाने सांगावे व शिकविणाऱ्याने करावे, आणि चौथ्यांदा शिकाऊ माणसाने सांगत सांगत स्वतः करावे. यातील तिसरी पायरी वगळण्याचा मोह होतो. तो टाळावा, शिकाऊ माणसाने काय गृहीत धरले आहे ते तेथेच उघड होते.

बस्तिदानाचा सराव स्वतंत्रपणे पाण्यावर करावा. पिशवीतील हवा काढणे, नेत्राला स्नेह लावणे, दाब एकसारखा ठेवणे व थोडे द्रव शेष ठेवून थांबणे या चार गोष्टी पाणी भरलेल्या पिशवीवर पुष्कळ वेळा करवून घेता येतात. 'कोमट' या शब्दावर समाधान मानू नये. वैद्याने थर्मामीटरवरील मर्यादा आकड्यांत लिहून द्यावी आणि साहाय्यकाने प्रत्येक वेळी तो आकडा नोंदवावा.

उदाहरण दुसरे : तैलपाक

येथे प्रमाण ठरलेले असले, म्हणजे कल्काच्या चौपट स्नेह व स्नेहाच्या चौपट द्रव, तरी पाक कधी थांबवावा हे इंद्रियांनीच ओळखावे लागते. बोटांत वळल्यास कल्काची वात होणे, तो अग्नीवर टाकल्यास तडतड न होणे, तैलात फेस उठणे व घृतात तो शमणे, तसेच द्रव्यानुरूप गंध-वर्णाची उत्पत्ती, ही लक्षणे ग्रंथांत स्पष्ट आहेत. तथापि ती वाचून पाक येत नाही, तसेच ती न जाणता केवळ पाहूनही तो निश्चित होत नाही.

यासाठी त्रिविध योजना सुचवावीशी वाटते. प्रथम लहान पाक : कल्क ५० ग्रॅम, तिळतेल २०० मि.लि. व द्रव ८०० मि.लि. एवढ्यावर प्रत्येक शिकाऊ माणसाने स्वतः पाक करावा. यातील एक पाक बुद्ध्याच पुढे नेऊन खर व नंतर दग्ध होऊ द्यावा. बिघडलेले तैल कसे दिसते, त्याचा वास कसा येतो, हे ज्याने अनुभविले नाही त्याला बिघाड वेळीच ओळखता येत नाही. वाया गेलेल्या २०० मि.लि. तेलाची किंमत मोठ्या बॅचच्या तुलनेत नगण्य आहे.

दुसरे, नमुन्यांचा संच : पाकाच्या निरनिराळ्या अवस्थांतील कल्काचे व तैलाचे नमुने काढून बाटल्यांवर केवळ क्रमांक घालावेत आणि शिकाऊ माणसाला ते न सांगता ओळखायला द्यावेत. यावेळी जुन्या कारागिरालाही सोबत बसवावे व तो कशावरून ओळखतो हे त्याच्या शब्दांत लिहून घ्यावे. संस्थेच्या दृष्टीने ही टिपणे मोलाची आहेत.

तिसरे, मोठ्या कढईवरील उमेदवारी. लहान भांड्यात द्रवाच्या मानाने पृष्ठभाग अधिक असल्याने पाणी लवकर आटते. मोठ्या कढईत काल लांबतो, तळ लागण्याचे भय वाढते, आणि आच काढल्यावरही भांड्याची धग पाक पुढे नेते. म्हणून लहान पाकावर तयार झालेला माणूस मोठ्या कढईसाठी तयार झाला असे समजू नये. तैलपाक एकाच दिवसात उरकू नये असा शास्त्राचा संकेत असल्याने शेवटची अवस्था बहुधा दुसऱ्या वा तिसऱ्या दिवशी येते. प्रशिक्षणाचे वेळापत्रक कढईच्या वेळेनुसार आखावे. व्याख्यानाच्या तासासाठी शिकाऊ माणसाला नेमका पाकसिद्धीच्या वेळी उठवून नेणे म्हणजे मुख्य पाठच चुकविणे होय.

उदाहरण तिसरे : रुग्णावरील स्वेदन

पत्रपिंड स्वेदात हाताची लय, पोटलीची उष्णता व रुग्णाचे निरीक्षण ही तिन्ही एकाच वेळी सांभाळावी लागतात. भारतीय शिक्षणतज्ज्ञ आर. एच. दवे यांनी १९७० साली क्रियात्मक प्रांताच्या पाच पायऱ्या सांगितल्या : अनुकरण, सूचनेबरहुकूम कृती, अचूकता, समन्वय व सहजता. लय सहज झाल्याशिवाय साहाय्यकाचे लक्ष रुग्णाच्या चेहऱ्याकडे जाऊ शकत नाही. म्हणून प्रथम सहकाऱ्यावर थंड पोटलीने लय साधावी. नंतर उष्ण पोटली आधी स्वतःच्या हातावर पाहण्याची सवय लावावी. आणि त्यानंतरच रुग्ण.

येथे परवानगीचे टप्पे लेखी असावेत : केवळ पाहणे, मदत करणे, वैद्यांच्या समक्ष करणे, आणि वैद्य वास्तूत उपस्थित असताना स्वतंत्रपणे करणे. वैद्यकीय शिक्षणात ओले टेन केट यांनी २००५ साली मांडलेली 'विश्वासाने सोपविण्याजोगी कर्मे' ही कल्पना याच स्वरूपाची आहे. मधुमेही अथवा त्वचेची संवेदना मंद झालेल्या रुग्णाला उष्णता कळत नाही. अशा रुग्णांसाठी वैद्यांनी वेगळी परवानगी ठेवावी. कर्म थांबवून वैद्यांना केव्हा बोलवावयाचे, हा पाठ साहाय्यकाच्या अभ्यासक्रमात सर्वांत महत्त्वाचा आहे. कर्म योजण्याचा अथवा बदलण्याचा अधिकार मात्र वैद्यांकडेच राहतो, हेही त्याला आरंभीच स्पष्ट करावे.

मूल्यमापन व नोंद

जॉर्ज मिलर यांनी १९९० साली मूल्यमापनाचा चार मजली मनोरा मांडला : माहीत आहे, कसे करावे हे माहीत आहे, करून दाखवितो, प्रत्यक्ष कामात करतो. लेखी प्रश्नपत्रिका पहिल्या दोन मजल्यांपर्यंतच पोहोचते. आपल्या कामाला वरचे दोन मजले हवेत. यासाठी प्रत्येक कामाची 'हो/नाही' स्वरूपाची एक पानी यादी पुरेशी आहे. तिच्यातील धोक्याच्या बाबींवर खूण करावी आणि त्यांपैकी एक जरी चुकली तरी बाकीच्या गुणांचा विचार न करता कृती पुन्हा करवून घ्यावी. शंभरपैकी ऐंशी गुण मिळवून उष्णता तपासायला विसरलेला साहाय्यक उत्तीर्ण समजता येत नाही.

औषधविषयक नियमांतील 'शेड्यूल टी' (२००० साली अधिसूचित व २००३ मध्ये सुधारित) नुसार फार्मसीला प्रत्येक बॅचची नोंद ठेवावी लागते. हेच कागद प्रशिक्षणाचेही साधन होऊ शकतात. शिकाऊ माणसाने आच, वेळ व दिसलेली लक्षणे स्वतःच्या हाताने लिहिली, तर नियमपालन व अध्यापन दोन्ही साधतात. राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा २०१३ पासून अस्तित्वात असून त्याअंतर्गत पंचकर्म तंत्रज्ञासाठी व्यवसायमानके तयार झाली आहेत. ती आधाराला घ्यावीत. परंतु आपल्या रुग्णालयातील द्रोणी, आपल्या फार्मसीतील कढई व आपल्याकडे येणारे रुग्ण यांचा विचार त्या मानकांत असू शकत नाही. तेवढा भाग ज्याचा त्यानेच रचावयाचा आहे.

खर्च व आक्षेप

फार्मसीचालकांकडून दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, वेळ नाही. त्यावर उत्तर असे की सर्व कामांचा अभ्यासक्रम एकदम करू नये. मागील वर्षातील तक्रारी व वाया गेलेल्या बॅच पाहून तीनच कामे निवडावीत. प्रत्येक कामासाठी मर्मासह एक तक्ता, एक नमुनासंच वा प्रतिकृती, आणि एक तपासणीयादी करावी.

दुसरा आक्षेप, शिकविलेला माणूस सोडून जातो. हे खरे आहे. पण न शिकविलेला माणूस राहतो, हे त्याहून महाग पडते. शिवाय तक्ता व नमुने संस्थेत राहतात, त्यामुळे पुढच्या माणसाची तयारी शून्यापासून करावी लागत नाही. शिकविणाऱ्या जुन्या कारागिराला त्यासाठी वेगळा मोबदला व कामातून वेळ द्यावा. आपले कसब सांगितले तर आपली गरज संपेल, अशी भीती त्याच्या मनात असते. ती घालविण्याची जबाबदारी मालकाची आहे.

उपसंहार

ठरलेल्या क्रमाच्या कामाला कार्यविश्लेषण, इंद्रियगम्य निर्णयाला नमुने व उमेदवारी, आणि अपरिवर्तनीय चुकीच्या जागी आधी पुरावा व मग परवानगी, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. विषयांची यादी या सर्वांना पूरक म्हणून शेवटी यावी. ज्या वैद्यांकडे व फार्मसींत तीस वर्षांचे अनुभवी हात आज कामावर आहेत, त्यांनी पहिला तक्ता याच हंगामात त्यांच्याशेजारी बसून लिहून घ्यावा, अशी विनंती आहे. ते निवृत्त झाल्यावर हे काम करता येणार नाही.